नावाडीण बुडते ते पान

आमच्याकडे दिवाळीच्या आधी फटाके उन्हात वाळत घालतात, म्हणजे ऊन मिळालं तर. सोलापुरात शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगायची तेव्हा बाकीच्या बाया हसायच्या. त्यांची दिवाळी कोरडी, पहाटेच्या थंडीची. कुंभकोणमचा पाऊस तुमच्याकडचा पाऊस गाशा गुंडाळून गेल्यावर येतो आणि आला की दीड-दोन महिने मुक्काम ठोकतो. तमिळमध्ये त्याला अडै मळै म्हणतात, जागचा न हलणारा पाऊस. कलेक्टर शाळांना सुट्ट्या देतात, साक्कोट्टैच्या बाजूची भातं पाण्यात उभी राहतात, मीठ पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही, आणि घरात दोऱ्यांवर दोऱ्या बांधून वाळत टाकलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसरच असतात.

यंदाही तो आलाय. आज सकाळपासून माझी थोरली बहीण, तुळजाक्का, त्या दोऱ्यांखालून फिरते आहे. एकेक कपडा चिमटीत धरून गालाला लावते. वाळला असेल तर खांद्यावर टाकते, नसेल तर उलटा करून परत दोरीवर. हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलंय, कारण त्याला डोळे लागत नाहीत. खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं तिला आता कळतं, आणि दिवा लागला की विझला तेवढं. मी तिच्या मागे मागे फिरले की ती चिडते, म्हणून मी इथं टेबलाशी लिहायला बसले आहे. पण कपड्यांचा हा कुबट वास नाकात गेला की तीन वर्षांपूर्वीचा पाऊस आठवतो, आणि तिथं माझं काही चालत नाही.

त्या पावसात आम्ही दोघी एक परीकथा वाचत होतो. अक्का तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती आणि मी एकसष्ट. हसायचं असेल तर हसून घ्या, मीही आधी हसलेच होते.

अक्काने चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. लग्न केलं नाही. पापनाशमपासून तिरुनागेश्वरमपर्यंतची निम्मी पोरं पहिल्यांदा आपल्या हातात रडली, असं ती सांगते आणि त्यात फारशी फुशारकी नाही. वॉर्डात कुणी गळा काढला की ती म्हणायची, आधी पाणी पी, मग रड. अशा बाईनं निवृत्त झाल्यावर देवदेव करावा, फार तर मालिका बघाव्यात. हिला नाद लागला जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांचा, आणि त्यातही एकाच जातीच्या. शापित राण्या, बोलणारी झाडं, आरशात अडकलेले दिवाणजी. मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या परीकथा. तिची एक जुनी मैत्रीण चेन्नईहून वाचून झालेली पुस्तकं पार्सलनं पाठवायची. मी सोलापूरची नोकरी संपवून घरी आले तेव्हा तिच्या पलंगाखाली अशी चाळीसेक पुस्तकं होती, आणि मी जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेली बाई. मी तिला विचारलं, अगं, हे वय काय, हे वाचन काय.

तिचं म्हणणं असं की लहान मुलांना परीकथा लागतच नाहीत. त्यांना तसंही वाटत असतं की सगळं नीट होणार आहे. वॉर्डात नऊ महिने सगळं पथ्यपाणी सांभाळून आलेल्या बाईचं मूल जायचं, काही म्हणजे काही न पाळलेली हसत घरी जायची, आणि नातेवाईक कोपऱ्यात गाठून अक्कालाच विचारायचे, सिस्टर, आमचं काय चुकलं? तिच्याकडे उत्तर नसायचं. पुस्तकात ते असायचं. कुणीतरी विहिरीला न विचारता पाणी काढलेलं असायचं.

मी एक पुस्तक उघडलं ते टिंगल करायला सापडेल म्हणून. वाटलं होतं सगळं साखरेत घोळलेलं असेल. तसं काही नव्हतं. राणी पंचेचाळीस वर्षांची होती आणि तिचे गुडघे दुखत होते. चेटकिणीचं सुनेशी पटत नव्हतं. माणसं मरत होती, आणि वर्तमानपत्रात मरतात त्याहून वाईट रीतीनं मरत होती. पण एक नियम मात्र तिथं कुणी मोडत नव्हतं. ज्यानं शाप दिला त्याला उःशापही द्यावा लागायचा. तो कितीही अवघड असो, सात डोंगरांपलीकडे असो, पण कुठंतरी लिहून ठेवलेला असायचा. ते वाचताना मला पहिल्यांदा अक्काचा हेवा वाटला.

मग तिचे डोळे गेले. गेले म्हणजे जायला लागलेले होते, आम्हाला उशिरा कळलं. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. तो कडेकडेनं आत येतो. वर्षभर ती दाराच्या चौकटीला धडकत होती आणि सुताराला नावं ठेवत होती. दोसा ताटाच्या बाहेर वाढायची आणि मी तिला वेंधळी म्हणायची. जगाचं ब्लडप्रेशर मोजणाऱ्या बाईनं स्वतःचे डोळे कधी तपासून घेतले नव्हते. दिवाळीच्या आधी डॉक्टरकडे गेलो तेव्हा उजवा डोळा संपला होता आणि डाव्यात मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी जागा उरली होती. डॉक्टर तरुण होता, कदाचित तिच्याच हातावर जन्मलेला. गेलेलं परत येत नाही, अम्मा, तो तमिळमध्ये म्हणाला, आहे ते थेंबांनी राखू, पण किती दिवस ते मला सांगता येणार नाही. अक्काने नर्ससारखं थेंबांचं वेळापत्रक विचारून घेतलं आणि त्याचे आभार मानले. घरी आल्यावर चप्पल काढताना म्हणाली, "मज ठाऊक होतें गे."

तिचं एक पुस्तक तेव्हा अर्ध्यावर होतं. एकेक शब्द त्या नाण्यातून बघत तिनं चार दिवसांत दोन पानं ओढली आणि पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवलं. अशी आमची दुपारची वाचनं सुरू झाली.

पुस्तक इंग्रजी. पण माझं मास्तरणीचं इंग्रजी ऐकून तिला झोप यायची, म्हणून मी वाचता वाचता ते आमच्या घरच्या बोलीत सांगायला लागले. ही बोली तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आली आणि इथंच राहिली. सोलापुरात मी ती चुकून बोलले की लोक विचारायचे, बाई, तुम्ही कीर्तन करता का? त्या राणीला मात्र ती शोभून दिसायची.

गोष्ट अशी होती. एका राज्यातली नदी शापानं उलटी वाहायला लागलेली. तिथली राणी दिवसा बगळी असायची आणि सूर्य मावळला की बाई. उःशाप नदीच्या उगमापाशी. तिथवर राणीला नेणारी एक म्हातारी नावाडीण होती, तोंडाळ आणि हट्टी, जिला लेखकानं नावसुद्धा दिलेलं नव्हतं. पुस्तकात ती चिलीम ओढायची. मी तिला आमच्याकडची कोवळी विड्याची पानं दिली.

आता पोथीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वडिलांच्या वेळी घरात पोथी लागायची, आणि तिचा एक कडक नियम होता. वाचन दुःखाच्या जागी थांबवायचं नाही. कुणी वनात गेलं असेल तर त्याला आसरा मिळेपर्यंत वाचत राहायचं, कुणी जखमी झालं असेल तर शुद्धीवर येईपर्यंत. काहीतरी शुभ घडलं की मगच पोथीवर वस्त्र टाकायचं. लहानपणी त्या नियमापायी आम्ही कितीदा उपाशी ताटकळलो आहोत. अक्काने तोच नियम या कादंबरीला लावला. वाईटाजवळ थांबायचें नाहीं, तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. मी वैतागले. आजकालचे लेखक काही दहा-दहा पानांवर शुभ घटना पेरून ठेवत नाहीत. कित्येक दुपारी कॉफीची वेळ टळून जायची, घसा कोरडा पडायचा, आणि राणीचे हाल काही संपायचे नाहीत. नियम मोडायचं मात्र माझ्याही मनात यायचं नाही. तो अंगात मुरलेला होता.

तीनशे बाराव्या पानावर नावाडीण बुडाली.

तो शुक्रवार होता. सकाळीच डॉक्टरकडे जाऊन आलो होतो. डोळ्यातला दाब उतरला नव्हता, त्यानं थेंबांची आणखी एक बाटली वाढवून दिली होती. पाऊस धो धो, दिवेलागणीची वेळ झालेली. राणीला काठावर ढकलून नावाडीण भोवऱ्यात गेली, ते वाक्य माझ्या डोळ्यांनी वाचलं, तोंडातून अजून बाहेर पडलं नव्हतं. मी भराभर पुढची पानं चाळली. पुढे लढाई होती, त्याच्यापुढे साथ, त्याच्यापुढे राणीचा भाऊ फितूर. तीस पानं कुठं पाय टेकायला जागा नाही. समोर अक्का डोळे मिटून बसली होती आणि तिनं गुडघ्यावर मूठ आवळली होती. मी म्हटलं, तेवढ्यात वाहत आलेला एक केळीचा खांब नावाडणीच्या हाताला लागला, ती त्याला मिठी मारून खालच्या वळणावर काठाला लागली. आणि पुस्तक मिटलं.

अक्काची मूठ सुटली. "पावं," ती म्हणाली, म्हणजे बिचारी. "वांचली." आणि दिवा लावायला उठली.

मला वाटलं, वेळ मारून नेली, झालं. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं तेव्हा लक्षात आलं की नावाडीण आता होडीत बसलेली असायला हवी. छापलेल्या पानावर राणी एकटी वल्हवत होती. मी तिच्या समोर नावाडणीला बसवलं. बसवलं म्हणजे ती बोलणारच. ती राणीला जेवली नाहीस म्हणून रागवायला लागली. फितूर भावाला तिनं अशा शिव्या घातल्या की अक्का हसून हसून पदराला डोळे पुसू लागली. हळूहळू अक्का वाचन सुरू व्हायच्या आधीच विचारायची, आज नावाडीण काय म्हणते? मी रात्री पुढची पानं वाचून ठेवायची आणि हिला कुठं कुठं घुसवायचं याच्या खुणा पेन्सिलीनं करून ठेवायची. पस्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं होतं की निरीक्षणात जे दिसलं तेच वहीत लिहा.

परीकथा मोठ्या माणसांना का ओढतात, ते मला त्या दिवसांत कळलं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला मी अक्काचं डोकं मागे धरून थेंब घालायची. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. रोज ती माझ्याकडे बघताना मान थोडी जास्त वळवायची, आणि मी ते बघत राहायची. दुपारी मात्र मी एका बाईला पाण्यातून बाहेर काढू शकत होते. ती कागदावरची होती, कुणी दुसऱ्याच माणसानं तिला बुडवलेलं होतं, हे सगळं मला माहीत होतं. तरी दुपारची वाट मी अक्कापेक्षा जास्त बघायची.

चेन्नईहून अजून पार्सलं येतात. काल एक आलं, ओलं झालेलं, मी त्याची पानं पंख्याखाली उलटी करून ठेवली आहेत. मी अजूनही तिला वाचून दाखवते. आता जे छापलं असेल तेच वाचते, आणि शुभ जागा येईपर्यंत वाचत राहते, मग कितीही वाजोत. त्या पावसानंतर मी कुठल्याही पुस्तकात कुणाला वाचवलेलं नाही.

त्या वेळी पुस्तकाची तीस पानं उरली असताना अक्काने मला थांबवलं. पुढचं ती स्वतः वाचणार होती, स्वतःच्या डोळ्यांनी. चाळीसेक पुस्तकं तिनं वाचली होती, हे शेवटचं आहे हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्याचा शेवट तरी तिला कुणाच्या तोंडून नको होता. "एवढें माझें मीं वाचीन," ती म्हणाली. "मग काय व्हायचें तें होवो." पावसाळी उजेडात अक्षर दिसत नव्हतं, तेव्हा ऊन पडेल त्या दिवशी, बाहेर तिण्णैवर बसून. तिण्णै म्हणजे आमच्याकडची दारापुढची ओटी. तोवर तिनं नजर राखून ठेवायला घेतली. भाजी डोळे मिटून चिरायची. टीव्हीकडे पाठ करून बसायची. कधी कधी डोळ्यांवर पदर बांधून घ्यायची. नजर काही घागरीतलं पाणी नव्हे, नाही वापरली म्हणून उरत नाही, हे नर्सला मी काय सांगायचं? मी तोंड उघडलं तेव्हाच ती म्हणाली, ठाऊक आहे गे, असूं दे.

मी ती तीस पानं स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली. राणी कायमची बाई होते, नदी सरळ वाहायला लागते, आणि मग राणी नावाडणीच्या नावानं एक रिकामी होडी पाण्यात सोडते. तिच्यामागोमाग नगरातलं प्रत्येक घर एकेक होडी सोडतं. चार पानं नुसता तो शोक होता. फार सुंदर लिहिलेला होता. अक्का तिच्या शेवटच्या उजेडात तो वाचणार होती, आणि तिला कळणार होतं की नावाडीण केव्हाच मेली आहे, आणि धाकट्या बहिणीनं समोर बसून तिला महिनाभर फसवलं आहे.

मी सांगायचा प्रयत्न केला. एकदा थेंब घालताना म्हटलं, अक्का, ती नावाडीण आहे ना. तिनं लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला, पुढचं सांगू नको म्हणून. दुसऱ्यांदा मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि माझं धैर्य खचलं. आत ती डोळ्यांवर पदर बांधून, हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. पुस्तक लपवावं, भिजवून टाकावं, शेवटची पानं फाडून पार्सलवाल्यावर ढकलावं, असलं काय काय मनात येऊन गेलं. रोज सकाळी उठून मी आधी आभाळ बघायची आणि काळं दिसलं की बरं वाटायचं. सातव्या दिवशी कॉफी गाळता गाळता मनात आलं, तिला ते वाचता आलं नाही तर बरं होईल. हात जोडून मागितलं नव्हतं. पण मनात आलं, आणि दोन दिवस ते मनात राहिलं, आणि मी ते काढून टाकलं नाही.

नवव्या दिवशी ऊन पडलं. समोरच्या घरातल्या बायकांनी गाद्या बाहेर काढल्या, रस्त्यावर तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या पडल्या, आणि अक्का न्हाऊन वाळलेलं लुगडं नेसून भिंग घेऊन तिण्णैवर जाऊन बसली. मला जवळ बसवून घेतलं. आज तूं ऐक, म्हणाली.

पहिलं वाक्य तिनं एकेका अक्षरावर भिंग थांबवत वाचलं. सकाळीं, नदी, थांबली. बरोबर होतं, एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता, पण तेवढ्याला पाच मिनिटं लागली आणि तिच्या वरच्या ओठावर घाम आला. दुसऱ्या वाक्याचे तीन शब्द झाले. मग भिंग जागच्या जागी थांबलं. मी म्हटलं, अक्का, आण इकडे, मी वाचते. तिनं मान हलवली.

आणि मग ती सरळ वाचायला लागली. न अडखळता, आमच्या भाषेत, पोथी वाचावी तशी. राणीची पिसं गळाली, नदी वळली. मी त्या होडीची वाट बघत होते. होडी आली. तिच्यात नावाडीण होती. ती दोरखंड बांधून वर आली, पान थुंकली आणि म्हणाली, राणी झालीस म्हणून पाय धुवायचे सोडलेस काय गे?

मी पुस्तकाकडे पाहिलं. अक्काचं भिंग पानाच्या खालच्या कोऱ्या समासावर फिरत होतं, जिथं एक अक्षर नव्हतं. तिनं पान उलटलं ते दोन एकदम. भिंग परत त्याच कोऱ्या पट्टीवर आलं आणि तिथून ती पुढं वाचत राहिली. राणीनं नावाडणीला नवी होडी दिली. नावाडणीनं तिच्यात चार चुका काढल्या.

मला सगळ्यात आधी वाटलं, सुटले. हे मला लिहायलाच हवं, कारण तसंच वाटलं. मग माझी नजर पुन्हा त्या भिंगावर गेली. तिला दिसत नव्हतं. पहिल्या ओळीनंतर केव्हातरी दिसायचं थांबलं होतं आणि तिनं ते मला सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस जे मनात धरून बसले होते ते मला मिळालं होतं, सगळं, तिळभरही कमी नाही. ते परत कुणाकडे नेऊन द्यायचं, हे मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

पाव तासात तीस पानं संपली. अक्काने पुस्तक मिटलं, भिंग पदराला पुसलं, आणि मी बसले होते त्याच्या जरा बाजूला, उन्हाकडे तोंड करून विचारलं, "नीट वाचलें कीं?"

"एक अक्षर चुकलें नाहीं, अक्का," मी म्हटलं.